खिंडीतली वही

१ ऑक्टोबर, गुरुवार. दुकान, दुपारी ३.१५

आज सूड घ्यायचं ठरवलं. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे राग निवला तर वाचून पुन्हा तापवता येईल.

दुपारी गिऱ्हाईक आलं. बँकेतला कॅशियर, जवळचं दिसत नाही. मशीनवर हनुवटी टेकवून अक्षरं वाचता वाचता म्हणाला, परवा चालत खिंडीत गेलो होतो, वरच्या वहीत तुमच्याबद्दल वाचलं हो. आणि हसला. काय वाचलं ते मी विचारलं नाही. हसण्यावरून माणूस कळतो. त्याला चष्म्याचा नंबर बरोबर काढून दिला, हा माझा मोठेपणा.

वहीचं असं आहे. खिंडीच्या माथ्यावर एक चहावाली बाई आहे. तिच्याकडे पत्र्याच्या डब्यात एक वही असते. सायकलने किंवा पायी जो वर पोचेल त्याने त्यात तारीख घालून नाव लिहायचं. गाडीतून येणाऱ्याला ती बाई वहीला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला आमचा सायकल ग्रुप गेला. आठ जण. मी सातव्या वळणावर तांत्रिक कारणाने थांबलो आणि दुधाच्या टेम्पोतून खाली आलो. तांत्रिक कारण म्हणजे सायकल पुढे जात नव्हती. ग्रुपला गुडघा सांगितला.

बाकीच्यांनी वर जाऊन माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. लिहिणारा कोण तेही माहीत आहे. ग्रुपचा म्होरक्या, दुकानासमोरचा दातांचा डॉक्टर. वर्षभर भेटेल तिथे विचारतो, गुडघा कसा आहे, रविवारी येताय का. जखमेवर मीठ, दुसरं काय. त्या दिवसापासून मी ग्रुपमध्ये गेलेलो नाही.

ठराव: महिन्याभरात स्वतःच्या पायांनी खिंड चढणे. ते पान फाडणे. मधल्या काळात डॉक्टरला जमेल तसा त्रास देणे.

२ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

पाचला उठून सराव करायचा होता. गजर झाला. ऐकला. शरीराचं ऐकावं असं सगळे तज्ज्ञ सांगतात, तेही ऐकलं. उद्यापासून.

३ ऑक्टोबर

उद्यापासून.

डॉक्टर दुकानात आला होता. चष्म्याची दांडी सैल झालेली. धंदा तो धंदा, घट्ट करून दिली, पण काच एकच पुसली. डावी. बाहेर जाऊन बराच वेळ एक डोळा मिटून रस्त्याकडे बघत उभा होता. फार बरं वाटलं. दुपारचं जेवण दोन घास जास्त गेलं.

संध्याकाळी त्याचा फोन. म्हणाला, उजव्या डोळ्याने धूसर दिसतंय हे तुमच्यामुळे लक्षात आलं, उद्याच तपासून घेतो, तुमचे उपकार झाले. काही माणसांना अपमान कळतच नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिली मोहीम. सकाळी ७.५० ला निघालो. पाचची वेळ बायकोने भाकीत केल्याप्रमाणे हुकली.

वाटेत दोन्ही बाजूंना म्हणे फार सुंदर दरी आहे. खाली निळं तळं आहे. मी पुढचं चाक पाहत होतो. ते काळं आहे.

तिसऱ्या वळणावर 'दृश्य पाहण्याची जागा' अशी पाटी आणि बाक. शासनाने एवढी सोय केली आहे तर वापरावी म्हणून बसलो. दीड तास. तेवढ्यात काठ्या टेकत चार आजीबाई पायी वर गेल्या. त्यातली एक थांबली आणि म्हणाली, बाळा, पाणी हवंय का. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पाणी घेतलं.

मग परत फिरलो. आजचा उद्देश पाहणीचाच होता. पाहणी यशस्वी.

६ ऑक्टोबर

जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा. मुलीने विचारलं, बाबा, वर बोलावून आणू का दुकान. ही पिढी वाया गेली.

११ ऑक्टोबर, रविवार

सायकलचा नाद सोडला. सायकल हे साधन, सूड हे साध्य. जुनी पायवाट आहे, जंगलातून थेट माथ्यावर जाते.

तीन तास चाललो. चांगला वेग होता. फाट्यावर बाण रंगवलेली पाटी होती, पण ती डॉक्टरच्या ग्रुपने लावलेली. त्याने दाखवलेल्या वाटेने जायला मी काय मेंढरू आहे? मुद्दाम दुसरी वाट धरली. धबधब्यापाशी निघालो. धबधबा खिंडीच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे.

तिथे एक मोठं कुटुंब सहलीला आलेलं. त्यांनी मला फोटो काढायला लावले. एकदा सगळ्यांचे, मग जावई वगळून, मग जावयासह पण बसून. एका मावशीने डोळे मिटले म्हणून पुन्हा सगळे. मी जावयाकडे बघून घेतलं. तोही माझ्याकडे बघत होता. जगात दुखावलेली माणसं एकमेकांना ओळखतात.

धबधबा बरा आहे.

१३ ऑक्टोबर

बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, एवढं जिवाला लागलंय तर डॉक्टरांनाच विचारा ना काय लिहिलंय. नवऱ्याची भर माथ्यावर बदनामी झालीय आणि ही म्हणते विचारा! वर म्हणे, तो माणूस तसा नाही, त्या दिवशी तुमचा विसरलेला पंप स्वतः घरी आणून दिला होता. अगं, पंपाच्या निमित्ताने तोंड बघायला आला होता. घरचाच माणूस शत्रूच्या गोटात गेल्यावर बोलणार काय. जेवलो नाही. नऊ वाजता जेवलो.

१७ ऑक्टोबर

नवा पोशाख आणला. झगझगीत पिवळं जॅकेट, मागे खिसे. दुकानदार म्हणाला, एक किलोमीटरवरून दिसाल. दिसलोच पाहिजे. सूड अंधारात घेत नाहीत.

मुलगी म्हणाली, रस्ता कुठे खणलाय.

१८ ऑक्टोबर, रविवार

पाऊस येईल असं वाटलं म्हणून गेलो नाही. आला नाही. हवामान खात्याचंही एकदा बघावं लागेल.

२० ऑक्टोबर

डॉक्टरच्या पाटीवरचा दिवा उडालाय. मला दुकानातून दिसतो. सांगणार नाही. सूड.

२५ ऑक्टोबर, रविवार

आजची प्रगती डोळ्यांत भरणारी. सातव्या वळणापर्यंत गेलो! पाचव्यापर्यंत सायकलवर बसून, पुढे सायकलच्या सोबतीने. एक टप्पा असा आला की कोण कोणाला ढकलतंय ते सांगता येत नव्हतं.

सातव्या वळणावर कठड्याला टेकून जरा विचार करत होतो. डोळे मिटले होते, कारण मी विचार तसाच करतो. दुधाचा टेम्पो येऊन थांबला. मी हात केला नव्हता. दूधवाल्याने खाली उतरून मागची फळी पाडली, कॅन सरकवले, सायकल उचलून ठेवली आणि माझी वाट बघत उभा राहिला. मग म्हटलं, एवढ्या प्रेमाने थांबलाय, नाही कसं म्हणायचं.

दुधाचा वास रात्रीपर्यंत जात नाही, याचाही हिशोब डॉक्टरच्या नावावर.

२८ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. मूळ उद्देश काय? पान फाडणे. चढणे हा त्यातला केवळ वाहतुकीचा भाग. वाहतूक हे बसचं काम आहे.

१ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.३०

झालं! सूड पुरा झाला! क्रमाने लिहितो.

सकाळची बस. सायकल टपावर. बसमधून दरी खरंच सुंदर दिसते, तळंसुद्धा आहे. कंडक्टरला एक वळण अलीकडेच उतरवायला सांगितलं. तो म्हणाला, इथे काहीच नाही. म्हटलं, मला काहीच नकोय. शेवटचं वळण सायकल हातात धरून गेलो. माथा दिसल्यावर बाटलीतलं पाणी कपाळाला आणि मानेला लावलं आणि शेवटचे वीस-पंचवीस हात सायकलवर बसून, धापा टाकत पोचलो. धापा खऱ्या होत्या.

चहावालीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कपाळ ओलं आणि जॅकेट कोरडं कसं, असं तिला वाटलं असणार. डबा पुढे ठेवला आणि चुलीत लाकडं सारायला मागे वळली. मी भराभर पानं उलटली. ९ नोव्हेंबर. डॉक्टरचं अक्षर, म्हणजे मुंग्या शाईत पडून चालत गेल्यासारखं. एक शब्द लागेल तर शपथ. पण शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. ते मात्र ठळक, सुटं सुटं, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं. लोकांना नीट वाचता यावं म्हणून! डोक्यात तिडीक गेली. वरचा मजकूर लावत बसलो नाही. शत्रूचं लिखाण वाचणं म्हणजे त्याला दाद देणं. खोकल्याच्या आवाजात पान फाडलं.

कड्यापाशी जाऊन त्याचे तुकडे केले आणि दरीत भिरकावले. वारा माझ्याच दिशेने होता. निम्मे तुकडे जॅकेटवर येऊन बसले, निम्मे चहावालीच्या अंगणात. ती कडाडली, खिंडीत कचरा करायचा नाही, वेचा सगळे. वेचले. ओणव्याने, एकेक. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि चुलीत घातले. त्याच जाळावर माझा चहा झाला. असा चहा आयुष्यात प्यालो नव्हतो. साखर कमी होती.

वहीत आजचं नाव लिहिलं नाही. शहाणा माणूस पुरावा मागे ठेवत नाही.

विजयाच्या भरात चहावालीकडून मूठभर आक्रोड घेतले आणि एक दातांनी फोडला. म्हणजे आक्रोडानेच दात फोडला. डावीकडची मागची दाढ. माझी किंकाळी समोरच्या डोंगरावरून दोनदा परत आली.

२ नोव्हेंबर

दाढ ठणकतेय. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या झाल्या. डॉक्टरकडे जाणार नाही. जीव गेला तरी चालेल. बाजारातल्या दुसऱ्या दातवाल्याला फोन केला. तो लेकीच्या बाळंतपणाला गेलाय, पंधरवड्याने येणार. लेकीच्या बाळंतपणात बापाचं काय काम?

बायको म्हणाली, समोर पंधरा पावलांवर डॉक्टर आहे. मी पाटीवर लिहून उत्तर दिलं, कारण तोंड उघडवत नव्हतं. उत्तर: कदापि नाही.

३ नोव्हेंबर, दुपारी १२

जाऊन आलो.

त्याने खुर्ची मागे झुकवली, दिवा तोंडावर घेतला, दोन्ही गालांत कापूस कोंबला आणि बोलायला लागला. या लोकांना समोरचा बोलू शकत नाही तेव्हाच बोलायला सुचतं.

म्हणाला, बरं झालं आलात, मीच येणार होतो. ग्रुपला या महिन्यात दहा वर्षं होतात. गेल्या वर्षीचं वहीतलं पान मोठं करून फ्रेम करायचं होतं, आठ जणांनी एकत्र केलेली ती एकच खिंड. मी आ वासलेलाच होतो, तो आणखी वासला. तो म्हणाला, हो, आठ. तुमचं नाव मीच लिहिलं. बाकीच्या सातांना विचारून. निघालो आठ होतो, सात नावं लिहायला हात धजेना. तुमचं जरा ठसठशीत काढलं, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको. परवा तो कॅशियरसुद्धा विचारत होता, हे आपले चष्मेवालेच का, या वयात कमाल आहे. मी म्हटलं, हो तर, बाणासारखे गेले.

इथे त्याने सुई टोचली. मला समजली नाही.

मग म्हणाला, पण काल वही आणायला गेलो तर पान नाही. चहावाली सांगत होती, परवा कोणीतरी पिवळ्या जॅकेटातला माणूस आला होता. कपाळ तेवढं ओलं. पानाचे तुकडे तिने स्वतःच चुलीत घातले, तिला नंतर कळलं कसले ते. बिचारी रडत होती. त्या माणसाने म्हणे जाताना आक्रोड दातांनी फोडला आणि असा ओरडला की तिचं कुत्रं अजून बाहेर येत नाही.

एवढं बोलून त्याने आरशाची काडी दाढेवर टेकवली, बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, हे कशाने झालं?

मी आ म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते कापसाने टिपलं. म्हणाला, दुखतंय का, भूल आणखी देऊ? मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही माहीत नाही.

त्याने दाढ फार चांगली भरली. हात हलका आहे, हे नाकारता येत नाही. शेवटी हातमोजे काढत म्हणाला, पान गेलं ते गेलं, आठही जण पुन्हा जाऊ आणि नवीन लिहू. या वेळी प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. तुम्ही माझ्या पुढे राहा. मी मागे असेन, घाई नाही, दिवसभर लागला तरी चालेल.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. सांगितलं, आक्रोड खाऊ नका म्हणाले. ती म्हणाली, एवढंच?

म्हटलं, आणि रविवारी सायकल.