हवा कुठून जात होती

खालापूर, बुधवार

प्रिय सिद्रा,

अब्बाचं पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. तीन शुक्रवार झाले, तुझा फोन नाही. पहिल्या शुक्रवारी वाटलं, घरी पाहुणे असतील. दुसऱ्या शुक्रवारी मी गाल फुगवून बसलो. तिसऱ्या शुक्रवारी मात्र घास उतरेना. तुला सातवा महिना, तू तिकडे श्रीवर्धनला. तुझी अम्मी असती तर काय बिनसलंय ते तिने एव्हाना तुझ्याकडून काढून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

काल तुझी वर्गमैत्रीण छाया गॅरेजवर आली. कोंडाण्याची लेणी बघायला येणारे लोक तिच्याकडे उतरतात, त्यांना आणायला तिने एक जुनी परदेशी गाडी घेतली आहे, आपल्या गॅरेजपेक्षा लांब! तिची लॉकं हवेवर चालतात. एक छोटा पंप, आणि त्यातून प्रत्येक दाराला गेलेली बारीक नळी. चारही दारं लागत होती, डिकी तेवढी लागत नव्हती आणि पंप थांबायचं नाव घेत नव्हता. म्हणजे नळीतून हवा जातेय, हे शेंबडं पोरही सांगेल. कुठून जातेय ते सांगायला मात्र कान लागतो, आणि इद्रिस मिस्त्रीच्या कानाची कीर्ती तुला ठाऊकच आहे.

मी डिकीचं आतलं कव्हर उतरवलं, लॉक सोडवलं, त्यातला रबरी पडदा तपासला. चांगला निघाला. परत बसवला, परत काढला. अर्धा दिवस असा गेला. बाकावर बसलेली छाया शेवटी उठली. म्हणाली, “काका, हितं बिजागरीपाशी केवढा फुसफुस आवाज येतोय, तुमाला ऐकू येत नाय काय?” मी म्हटलं, “येतंय की!” आणि बोट भलत्याच जागी ठेवलं.

पोरगी शहाणी. हसली नाही. माझा हात धरून तिने बरोबर जागेवर नेला. डिकी उघडता-मिटता जिथे नळी दुमडते, तिथे तिला चीर पडली होती. बोटाला गार वारा लागला. तेवढा तुकडा कापला, टोकं गरम पाण्यात धरून मऊ केली आणि मध्ये रबराचा जोड दिला. डिकी लागली. पंप थांबला, तेही मला त्याच्यावर हात ठेवून कळलं.

सिद्रा, दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. तुझी अम्मी गेल्यापासून घर शांत झालंय, असं मी लोकांना सांगायचो. स्वतःलाही तेच सांगायचो. फोनवर तर तुझा नुसता सूर कळतो आणि मी अंदाजाने बोलतो. दर शुक्रवारी तू विचारतेस, काही पाठवू का, आणि मी म्हणतो, “नको गं, कशाला उगाच?” खरं सांगायची लाज वाटली. कान गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

काम झाल्यावर चहा पिताना छायाने माझ्याच वहीत लिहून ती माझ्यापुढे सरकवली. लिहिलं होतं, सिद्रा फोनवर रडत होती, बाळंतपणाला येऊ का विचारलं तर अब्बा नको म्हणाले. मी ते तीनदा वाचलं. बेटा, तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं. अम्मी गेली तसं माहेरही गेलं, असं तुला वाटलं असेल, आणि ते वाटायला लावणारा मी. मला माफ कर. ये. अम्मीची खोली आजच झाडली. पेज मला येते, बाकीचं करायला शेजारची जिजामावशी येईन म्हणाली आहे. जावयाला, शारिकला सांग, न्यायला मी स्वतः येतोय. तारीख तेवढी कागदावर लिहून पाठव, आणि आता काहीही विचारायचं असलं तरी असंच लिहून विचार. नको म्हणायचं असेल तर ते मी वाचून म्हणेन.

तुझाच,
अब्बा