इराचं टेबल

रवि., १४ सप्टें.
आज खेळ झालाच नाही. इराचं टेबल आलं. कोथरूडच्या तिच्या फ्लॅटमध्ये हॉलभर तेच. खास आपल्या खेळासाठी ऑर्डर देऊन बनवून घेतलेलं. मधला भाग खोलगट, त्यात हिरवी मखमल, कडेला कप ठेवायला पितळी खोबण्या. चौघंही अर्धा तास नुसते हात फिरवत होते. मीसुद्धा.

मी आठवडाभर गोष्ट रचली होती. आज सगळ्यांना गुहेत न्यायचं होतं. शेवटी विचारलं, "मागच्या वेळी आपण कुठे होतो?"
मंदार म्हणाला, "चटईवर."

खरंच आहे. गेलं वर्षभर चटईवरच खेळलो. मी गोष्ट सांगायची, इरा, मंदार आणि मंदारच्या ओळखीतले दोघं भाऊबहीण, चौघांनी त्यातली पात्रं व्हायचं, अडलं की प्लास्टिकचे फासे टाकायचे. राक्षस म्हणून आमच्या घरचे चिंचोके. मला तर वाटायचं, आमच्या धायरीतल्या शाळेत मुलींना शिकवावा हा खेळ. एक कागद, एक फासा, आणि कुणालाही कुणीही होता येतं.

बोलून गेले की खेळ डोक्यात असतो, टेबलावर नाही.
मंदार : "डोकं फुकट मिळतं, म्हणून तुला परवडतं."
हसण्यावारी नेलं. बसमध्ये मात्र तेच.

मंगळ., १६ सप्टें.
हडपसरला जाऊन येऊन दिवस संपतो. ऑफिसात सगळ्यांच्या कानात हेडफोन. आज माझं एकूण बोलणं : "हो", "बग अजून तसाच आहे", "लिफ्ट थांबवा".

घरी अण्णा विचारतात, काय केलं आज? मी सांगते, टेस्टिंग. ते मान हलवतात. बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. घरात मीच पहिली. तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात, पाहुण्यांशी बोलावं तसं. रविवारचं एकदा सांगून पाहिलं होतं, खेळायला जाते म्हणून. तर म्हणाले, "मग खेळाचे बूट कुठंयत?" दादा अजून हसतो त्यावर.

रविवारी दुपारी मी बोलते आणि चार माणसं ऐकतात. आठवड्यात तेवढंच. ते गेलं तर

असो. इतके दिवस त्यांना मी पुरत होते. आता टेबल आहे.

रवि., २१ सप्टें.
धातूचे फासे आले, काही तर वीस बाजूंचे. वर्गणी काढायचं म्हणत होते, मी तत्त्व म्हणून नाही म्हटलं. (तत्त्व आणि पगार, दोन्ही.) शेवटी इरानेच घेतले.

खरं ते लिहायचं तर सुंदर आहेत. गार, जड, हातात घेतले की टाकावेसेच वाटत नाहीत. इराने गुहेच्या दारात फासा टाकला, तो घरंगळत गेला आणि थांबेपर्यंत कुणी हललं नाही. प्लास्टिकच्या वेळी मंदार फोन बघत असायचा. इतकी शांतता मला माझ्या शब्दांनी कधी आणता आली नव्हती. मग हे वायफळ कसं म्हणू? आणि मग माझं काय?

निघताना इराने फासे आणि ते टाकायचा ट्रे माझ्याच हातात दिला. फिकट क्रीम रंगाचं मऊ चामडं, हातशिलाई. "गोष्ट तू चालवतेस, तुझ्याकडेच राहू दे." बसमध्ये मांडीवर धरून बसले. एकीने विचारलं, केक आहे का?

बुध., १ ऑक्टो.
खंडेनवमी. आज घरून काम होतं. आंघोळ करून बाहेर आले तर अण्णांनी हत्यारं धुऊन दिलेली, आईने पाटावर मांडलेली. शेत गेलं, तिथे आता सोसायटी आहे, पण कोयता, खुरपी, विळे दरवर्षी निघतात. दादाचे पाने. आईची कात्री. माझा लॅपटॉप. आणि त्याच्या शेजारी इराचा ट्रे! त्यात सगळे फासे ओळीने, प्रत्येकावर ओलं हळदकुंकू. ट्रेच्या मधोमधही बोटं ओढलेली, वर झेंडू, अक्षता.

"तुझ्या बॅगेत व्हतं," आई म्हणाली. "हे म्हनले एवढं जड हाय, म्हंजी कामाचंच असनार. तुझंच हत्यार ना गं?"
अण्णांनी एक फासा उचलून उजेडात धरला. "पितळ का? आन् एवढे आकडे कशाला?"

पदवी मिळाल्यापासून माझ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. मी तिथेच पाटासमोर बसून सगळं सांगितलं. गुहा, इरा होते ती राणीची हेर, लुटारू, अडलं की फासा.
"म्हंजी गोष्ट तू रचायची आन् इस्कोट ह्यानी करायचा."
"अगदी तसंच, अण्णा."
"मग बरोबर मांडलं की तुझ्या आईनं."

दुपारी फुलं उचलली तेव्हा डाग दिसले. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर पिवळं आणखी पसरलं. आई दारात. "डाग पडला व्हय?" म्हटलं, नाही, काही नाही. तिला दिसत होतं.

रवि., ५ ऑक्टो.
गेल्या गेल्या इराला सांगितलं. तिने ट्रे हातात घेतला, डागावर अंगठा फिरवला. "असू दे गं. दुसरा मागवू." आणि तो कपाटात ठेवून दिला. रागावली असती तर बरं झालं असतं.
मंदार : "आईंना म्हणावं टेबलाचीही पूजा करून जा. दक्षिणा काय ती सांगा."
सगळे हसले. इराही. मी पण हसले, आणि थोडं जास्तच.
मग गुहेत काहीच जमेना. मला माझाच आवाज ऐकू येत होता.

लिफ्टपाशी इरा सोडायला आली. म्हणाली, "आईबाबा दादाकडे गेले बंगळूरला, कायमचे. माहितीये ना? तीन खोल्या आहेत. मला वाटलं टेबल असलं की लोक येत राहतील."
मी म्हटलं, "चटईवरही आलो असतो."
"तू आली असतीस," ती म्हणाली.
लिफ्ट आली.

रवि., १२ ऑक्टो.
ग्रुपवर सकाळी : या रविवारी ब्रेक. इराचाच मेसेज, कारण नाही. मी अंगठा टाकला.
दुपारभर घरात. आई दोनदा येऊन गेली. "आज न्हाई जायचं?" "सुट्टी आहे." तिने मग विचारलं, "त्या डागापायी तर न्हाई ना?" मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मंगळ., १४ ऑक्टो.
त्या भाऊबहिणीतल्या बहिणीने फोटो टाकलाय. रविवारचा. इराचं टेबल, चौघंही, आणि माझ्या जागी एक मुलगा. खाली लिहिलंय, मंदारने आणला. पैसे घेऊन गोष्ट चालवतो. स्वतःचे नकाशे, रंगवलेल्या छोट्या मूर्ती, दिवेसुद्धा. मखमलीवर अख्खं गाव उभं केलंय. मूर्तींच्या चेहऱ्यावर डोळे आहेत, इतकं बारीक काम. फोटो मोठा करून करून पाहिला.

आमचा चिंचोका राक्षस. त्याला कुणी डोळे काढले नव्हते, तरी त्याला बघून इरा एकदा किंचाळली होती.

जेवले नाही. ऑफिसात कुणाला कळायचं कारण नाही. कळलं असतं तरी सांगणार काय, की माझी जागा गेली? कसली जागा?

शुक्र., १७ ऑक्टो.
ऑफिसातून निघता निघता इराचा मेसेज. लांबलचक. तो मुलगा चांगला आहे. सगळं होतं त्याच्याकडे. मंदार आणि ते दोघं आता दर रविवारी त्याच्याच घरी जाणार. "खोटं सांगितलं तुला ब्रेकचं. बरं वाटलं नाही. टेबलावर सध्या कपड्यांच्या घड्या घालते. दोघींत होतो का गं खेळ?"

होतो. एक सांगणारी, एक पात्र. उलट जास्त खोल जाता येतं, कुणाची पाळी यायची वाट बघावी लागत नाही. बसमध्येच मनात राणीची हेर एकटी निघाली. कुठल्या दाराने, ते पण सुचलं. इतकी खूश झाले की स्टॉप चुकणार होता.

घरी आले तर आई पायरीवर. दिवाळीच्या सामानाबरोबर तिने एक जाड मांजरपाटाचा तुकडा आणलाय, त्याला कडेने टाके घालत होती. ट्रेच्या मापाचा अंदाज डोळ्यानेच. म्हणाली, "त्या पोरीला दे. तसा मऊ न्हाई, पर धुता येतो."

वर खोलीत आले. मला त्या दिवशीचं हसणं आठवतंय, मंदारचं नाही, इराचं. आणि माझं. हा तुकडा त्या मखमलीवर ठेवला तर ती हसेल का, मला माहीत नाही. हसली तर मी परत हसेन का, तेही नाही.

लिहिलं, "होतो दोघींत. पण आधी आईबद्दल बोलायचंय."
लगेच उत्तर. "बोल."
ती ऑनलाइन दिसतेय. पंधरा मिनिटं झाली, अजून तिथेच आहे. मी तीनदा लिहून खोडलं. आता चौथ्यांदा