चिखलातली चौकट

माय, आज बोरीला आले. भावाच्या घरी ओसरीवर बसून तुला लिहायलेय. आठ दिवसांची रजा टाकलीय, आजारी आहे म्हणून. आजारी-बिजारी काही नाही, खाडीवर तोंड दाखवायची हिंमत उरली नाही, एवढंच.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. पुढं मला कोकणात नोकरी लागली, तिसऱ्या मोजायची. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या. आत मांस असतं, तिकडच्या बाया ओहोटीला हातानं उकरून काढतात आणि बाजारात विकतात. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, शेळ्या राखणारीची पोरगी चिखल उपसायला गेली म्हणून. काम तसं सोपं. लांब दोरी ताणायची, ठरावीक पावलांवर लोखंडी चौकट टाकायची, पडेल तिथंच उकरायचं आणि निघतील तेवढ्या लिहायच्या. एकही नाही निघाली तर शून्य. त्या आकड्यांवरून ठरतं, यंदा बायांनी किती काढायच्या आणि किती बीजाला ठेवायच्या.

त्या शून्यापाशीच माझं घोडं अडलं. मला तो दिवस आठवतो. चारठाण्याची मावशी दारात बसलीय, आणि मी चुलीपाशी डबा उघडून ओरडते, माय, पीठ संपलं. तू उठतेस, पाठीत धपाटा घालतेस, आणि मग हळूच म्हणतेस, "संपलं म्हनू नये बाई घरात. बरकत जाती." त्या साली रोगानं निम्म्या शेळ्या गेल्या, तरी कुणी विचारलं की तू म्हणायचीस, हायेत की, लय हायेत. मी तेच उचललं. डब्याच्या तळाशी तू मूठभर पीठ कायम राखायचीस, ते मात्र शिकले नाही.

गेल्या वर्षी चौकट लागोपाठ तीनदा रिकाम्या चिखलावर पडली. दोरीचं टोक धरायला तिथलीच एक म्हातारी होती, उभा जन्म तिसऱ्या काढण्यात गेलेला. ती माझ्या तोंडाकडं बघायली होती. शून्य लिहायला हातच उठेना, आपल्या हातानं अवदसा बोलावल्यासारखं वाटलं. चौकट हातभर सरकवली, तिसऱ्यांची भोकं दिसत होती तिथं. मग काय, पुढं सरकवतच गेले. आकडा चांगला आला. साहेब खूश, बाया खूश. मर्यादा होती तेवढीच राहिली, आणि बायांनी तेवढ्या काढल्या.

यंदा सगळ्या चौकटी रिकाम्या. सरकवायला जागाच नाही. कार्यालयात म्हणाले, पाणी बिघडलं असेल, गाळ आला असेल. मी मान डोलावली, लाज नाही वाटली मला. म्हातारी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आमाला कमी वाटत होत्या गो. पन तू हायत म्हनालीस, मग काढल्या."

त्या दिवसापासून घास गोड लागत नाही, माय. बीजच राहिलं नाही. परत कधी येतील, येतील तरी का, मला सांगता येत नाही, आणि ते सांगण्याचाच मला पगार आहे. बाकीच्या बाया बागांत मजुरीला जायल्यात. म्हातारीला कुणी कामावर घेत नाही.

हे सगळं तुझ्या त्या धपाट्यावर ढकलून मोकळं व्हावं, असं वाटलं होतं. पण तसंही जमेना. तू लोकांना काहीही सांगायचीस, पण दावणीला किती उरल्यात ते तुला पक्कं ठाऊक असायचं. मी स्वतःलाच फसवलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. खरं तर सकाळी कागद घेतला तो साहेबांना लिहायला, चौकट मी सरकवली म्हणून. वरची तारीख तेवढी लिहून झाली. मग तुलाच लिहीत सुटले, कारण तुला वाचता येत नव्हतं.