भुरीच्या पोटावरचे डाग

२२ डिसेंबर १९८५, सौंसर

आलो एकदाचे! छिंदवाड्याहून छोट्या गाडीनं इतकं रमतगमत आणलं की पलू विचारत होती, गाडी दमली का. चार वर्षांच्या माझ्या पोरीला दमणं कळतं, गप्प बसणं तेवढं कळत नाही. बदली मागून मागून मिळाली ती इथल्या कन्याशाळेत, आणि श्रीधर पांढुर्ण्याच्या पोस्टात. एका गावात नाही तर नाही, निदान दर शनिवारी नवरा बसनं घरी येईल. एवढ्या वर्षांनी संसार म्हणावा असं काही हाती लागलं.

चंद्रकलाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. मागे ओटा, ओट्यापुढे संत्र्याचं झाड, फळांनी लगडलेलं. बाई एकट्याच असतात. तोंडानं फटकळ, पण मायाळू. मी शाळेत असताना पलूला त्याच सांभाळणार आहेत. खोल्यांबरोबर एक मांजरही मिळालं. राखाडी आहे म्हणून पलूनं नाव ठेवलं भुरी. नवऱ्याच्या आधी मांजरानं घरात पाय ठेवला, असं श्रीधरला चिडवायचं आहे.

२६ डिसेंबर

भुरीच्या पोटावर जखम आहे. सुपारीएवढी, गोल, तिथले केस गेलेले, कडा काळी. ती सारखी चाटते आणि खोकते, घशात केस अडकत असतील. आज पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेली. कंपाउंडर देवीदासभाऊ एका म्हशीत अडकले होते. लांबूनच पाहून खरूज म्हणाले, जांभळं औषध दिलं आणि मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा म्हणाले. धुताना बयेनं मला चांगलंच ओरबाडलं. मी तिला दोन शिव्या हासडल्या आणि मग बशीभर दूध दिलं.

३ जानेवारी १९८६

शाळेतून आले तर भुरीची जखम स्वच्छ धुतलेली! वर जुन्या लुगड्याची मऊ चिंधी, पोटाभोवती गुंडाळून पाठीवर बारीक गाठ. मला सात जन्मांत अशी गाठ जमायची नाही. चंद्रकलाबाईंचे आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, "मी नाई जी बाई. मांजर जवळ आलं का मले दमा उठते." मग शेजारची कुणी माउली कुंपणातून येत असेल. पलू म्हणते, मावशी येते. कोणती मावशी विचारलं तर ओट्याकडे बोट दाखवते. काही का असेना, गावात माणुसकी आहे.

९ जानेवारी

चिंधी रोज बदललेली असते. मी शाळेतून यायच्या आतच. आज सोडून पाहिलं तर पहिल्या जखमेशेजारी दुसरी. तेवढीच, तशीच गोल. एवढं औषध लावूनही खरूज पसरते आहे बहुतेक. शनिवारी श्रीधरला दाखवीन.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी हळदीकुंकू झालं. शाळेतल्या बाया आल्या, हसून हसून पुरेवाट. सगळ्यांना वाण दिलं, मग त्या न दिसणाऱ्या माउलीला कसं विसरायचं? माझं नाव कोरलेल्या ताटलीत तिळगूळ आणि हळदीकुंकवाची पुडी घालून मागच्या ओट्यावर ठेवली. कुणी नव्हतं, तरी झाडाकडे पाहून मोठ्यानं म्हटलं, तिळगूळ घ्या, असंच लक्ष असू द्या, आमच्या पोरीकडंही असू द्या. आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं.

दिवेलागणीला ताटली ओट्यावर परत आलेली, घासून लख्ख. भरल्या ताटलीला रिकामं परत करू नये, ही रीतसुद्धा पाळली होती. आत एक बिब्बा होता. काळा, तेलकट, सुई टोचल्याचं भोक असलेला. वाणाच्या बदल्यात बिब्बा म्हणून मी हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

१५ जानेवारी

शाळेत लक्ष लागेना. घरी येऊन भुरीला मांडीवर उताणी घेतली. आता तीन डाग आहेत, आणि तिन्ही एका ओळीत. खरूज अशी ओळ धरून येत नाही.

लहानपणी मी हे पाहिलं आहे. पोर खोकलं की म्हाताऱ्या बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायच्या आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके त्याच्या पोटावर द्यायच्या. कातडी उतून यायची. पोर किंचाळायचं आणि आई हात धरून ठेवायची. भुरीला खरूज नाही. ती खोकते, म्हणून कुणीतरी तिला बरं करतंय.

चंद्रकलाबाईंना ताटलीतला बिब्बा दाखवला. तेव्हा त्यांनी सांगितलं. या खोल्यांत पूर्वी शकुंतला राहायची, कापूस वेचायला जायची. तिची पोरगी खोकल्यानं गेली, पोटभर डाग घेऊन. त्यानंतर कुणाचंही लेकरू खोकललं की शकुंतला बिब्बा घेऊन त्यांच्या दारात उभी. लोक हाकलायचे. शेवटी तीही इथेच गेली. भाडेकरू टिकत नाहीत म्हणून बाईंनी मला सांगितलं नाही. "वाईट नोती जी ते बाई. लेकरू खोकललं का तिचा जीव राहेच ना. पण कोणाच्या घरात बोलावल्याबिगर जात नोती."

बोलावलं मी. माझ्या तोंडानं, पोरीकडं लक्ष असू द्या म्हणून. मला भीती वाटते आहे. एवढी कधीच वाटली नव्हती.

१८ जानेवारी

भुरी मेली. ओट्यावर, पाय जुळवून ठेवलेले, पोटावर नवी चिंधी. ती सोडून पाहायची माझी छाती झाली नाही.

पलू सकाळपासून खोकते आहे.

श्रीधर आला. आधी हसला. पलूनं त्याला सांगितलं, मावशी मला म्हणाली आता तुझी पाळी. मग त्यानंच ट्रंक बांधायला घेतली. उद्या पहिल्या बसनं पांढुर्ण्याला. ताटली इथेच टाकून जाणार आहे.

२१ जानेवारी, पांढुर्णा

डॉक्टरांनी बाटली दिली, खोकला बराच उतरला. पोट स्वच्छ आहे. मी सारखा झगा वर करून पाहते आणि पलू चिडते. इथे मागे ओटा नाही, कुंपण नाही, पोस्टाची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात. शाळेला रजेचा अर्ज धाडला. आज पोटभर जेवले.

२३ जानेवारी

सौंसरहून येणाऱ्या कुणाबरोबर चंद्रकलाबाईंनी पिशवी पाठवली. बिचाऱ्या. माझी ताटली तिथे राहिली म्हणे. रिकामी कशी पाठवू, म्हणून त्या झाडाची संत्री.

संत्री काढली. तळाशी बिब्बा. भोक ताजं, ओलं.

तो नालीत फेकला, ताटलीही फेकली. बोटांना तेल लागलं आहे, किती घासलं तरी जात नाही. पलूनं विचारलं, मावशी आली का. मी तिच्या थोबाडीत मारली. आजवर कधी हात उचलला नव्हता.

२४ जानेवारी

दुपार. श्रीधर पोस्टात. दार आतून लावलं आहे.

पलू पुन्हा खोकते. कोरडा खोकला. शेजारणीला हाक मारायला उठले तर कडी सरकेना. ओरडले तर पलू घाबरून आणखी खोकते.

ताटली स्टोव्हजवळ आहे. घासलेली. मी —

तेल जळल्याचा वास.

तिच्या कानावर आवाज जायला नको. डावा हात पलूच्या तोंडावर ठेवला आहे. उजव्यानं लिहिते, नाहीतर वेड लागेल. गप बाळा. नको खोकू. बाबा येतील, थोडाच वेळ —

खोकली. हाताखालीच. छातीत आवाज झाला.

ऐकलं तिनं.

पलू आता रडत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघते आहे. ओळखीचं कुणी आल्यासारखी.

शकुंतलाबाई, वाण परत द्या. चुकलं माझं. मला लावा, मी खोकते, बघा, मीच —

माझा हात. कुणीतरी हळूच, मायेनं, पलूच्या तोंडावरून बाजूला — आणि झगा वर —

कानाशी ती म्हणते, तू आई ना, तू धर. तिचे हात तू —