मधली काच

दि. १४, मंगळवार

प्रिय छोट्यास,

ताईचे आशीर्वाद. यानंतर 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची आपली पद्धत आहे. या खेपेला लिहीत नाही, कारण ठीक नाही, आणि ठीक आहे असं तुला सांगून सांगून मला वीट आला आहे. कागद घेतला तो एवढ्यासाठी की फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

तुझा निरोप मिळाला. 'ताई, सहा फुटी टाकी तयार झाली. रविवारी येतोय. पाचही बास मासे वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेव. आदल्या दिवशी काही खायला घालू नकोस, वाटेत पाणी घाण करतात.' बस्स. माशांच्या पोटाची एवढी काळजी, आणि बहीण फक्त हाक मारण्यापुरती! कशी आहेस, जेवतेस का, एक शब्द नाही. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सात महिन्यांपूर्वी पाण्यानं भरलेली पिशवी माझ्या ओट्यावर ठेवून तू म्हणाला होतास, "पंधरा दिवस सांभाळ गं, घराचं ठरलं की नेतो." पीकॉक बासची सात पिल्लं, माझ्या करंगळीएवढी. मोठी झाली की हातभर होतात आणि समोर हलेल ते गिळतात, हे तू अशा कौतुकानं सांगितलंस की जणू पोरं परीक्षेत पहिली आली आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन पहिल्या आठवड्यातच गेली. उरलेली पाच मी वाढवली. पुन्हा लिहिते, मी वाढवली. दिवसातून चार वेळा गोठवलेल्या अळ्या वितळवायच्या, कोळंबी सोलून तिचे तिळाएवढे तुकडे करायचे. दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, जेवणाच्या सुट्टीत घरी पळायचं, यांना भरवायचं, आपण उभ्यानं दोन घास गिळायचे आणि परत मशिनवर. दुकानाच्या मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, घरी तान्हं बाळ आहे का तुमच्या?" मी म्हटलं, "पाच आहेत. आणि पाचही एकमेकांवर टपलेली."

त्यांना विकतच्या कोरड्या दाण्यांची सवय लावायला महिना गेला. दाणा चिमट्यात धरून पाण्यात हलवायचा, जिवंत वाटावा म्हणून. ते तोंडात घेऊन थुंकायचे. मी परत धरायची. तुझा फोनवरून हुकूम, "दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खातील." उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी शिकवायला नको. मी एकालाही उपाशी ठेवलं नाही. आई गेली तेव्हा तुलाही ठेवलं नव्हतं, आणि तूही काही कमी थुंकला नाहीस.

रविवारचं काम तू शिकवलंस तेवढं मात्र चुकवलं नाही. तोंडात मावेल ते पोटात जातं, म्हणून दर रविवारी टाकीला पट्टी लावून प्रत्येकाची लांबी बघायची, मोठे एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला, मध्ये काच. ती काच मी दुकानात चारही कडा घासून आणली होती, कुणाचं अंग खरचटू नये म्हणून. डावीकडे दोन दांडगे, उजवीकडे तीन लहान. त्यातला सगळ्यात लहान तो टिंगू. बाकीचे झडप घालायचे, तो माझं बोट दिसल्यावर हळूच यायचा. मला त्याचा फार लळा लागला होता.

होता, असं लिहून गेले. आता लपवण्यात अर्थ नाही. पाच डबे लागणार नाहीत, एक पुरे.

मागच्या महिन्यात मी चार दिवस घरी नव्हते तेव्हा काच सरकली असावी, असं तुला सांगायचं ठरवलं होतं. हे पत्र सुरू केलं तेव्हाही तेच ठरलं होतं. पण काच सरकली नाही. ती खाचेत इतकी घट्ट बसते की काढायला दोन्ही हात लागतात.

घरी नव्हते म्हणजे कुठे होते, तेही तुला माहीत आहे. जायच्या आदल्या दिवशी मीच फोन केला होता. तुझे शब्द मला पाठ आहेत.

"छोट्या, उद्या माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. येशील का दोन दिवस?"

"उद्या? नेमकं या आठवड्यात कसं गं जमणार? आधी सांगायचंस ना." मग जरा थांबलास. मला वाटलं, आता विचारशील. तू म्हणालास, "मग माशांना खायला कोण घालणार?"

मी म्हटलं, बघते काहीतरी. समोरच्या शिवणकामवाल्या काकू चार दिवस आनंदानं आल्या असत्या. मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी पिशवी भरली, चपला घातल्या, मग चपलांसकट परत आत आले, टाकीवरचं झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी मधली काच उपसून बाहेर ठेवली. टिंगू बोट दिसलं म्हणून वर आला. मी हात काढून घेतला, कुलूप लावलं आणि रिक्षात बसले.

चार दिवसांनी परत आले तेव्हा लहान तिन्ही नव्हते. दांडग्यांपैकी एक तळाशी मरून पडला होता. त्याच्या तोंडातून अर्धी शेपटी बाहेर होती. घास मोठा झाला आणि अडकला. दुसरा कोपऱ्यात पोट फुगवून उभा. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे मला डावा हात उचलता येत नव्हता, म्हणून उजव्यानं जाळी धरून मेलेला काढला. ती शेपटी कुणाची ते बघायचं धाडस झालं नाही. तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. राग तुझा होता, आणि मी मारलं ते माझ्या हातून खाणाऱ्यांना. याची मला लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून तुझ्यावरचा राग कमी झालाय असं समजू नकोस. तो होता तेवढाच आहे.

त्यानंतर महिन्यात तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा टाकीच्या मापाबद्दल. गाठीचा रिपोर्ट काय आला, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही. आता सांगते. चांगला नाही. शनिवारी सकाळी सात वाजता मला पुन्हा दाखल व्हायचंय. यावेळी औषध चढवायचंय, आणि ते पुढे सहा महिने चालेल.

मागच्या खेपेला फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती. मालकीणबाईंनी केली. नर्सनं विचारलं, "नातं काय लिहू?" मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. ती म्हणाली, "सख्खं कुणीच नाही का हो?" मी नाही म्हटलं. भाऊ जिवंत असताना नाही म्हटलं. नवा फॉर्म कालच घरी दिलाय, तो माझ्यासमोर आहे.

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. तेव्हा 'कळलंच नाही' म्हणायची सोय ठेवलेली नाही.

रविवारी आलास, तर मी घरात नसेन. किल्ली काकूंकडे असेल. मासा घेऊन जा. त्याला कोणता दाणा, किती वेळा, ते झाकणावर लिहून ठेवते. मग मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. हे रागाच्या भरात लिहीत नाही. गेले आठ दिवस रोज विचार करून लिहितेय.

शुक्रवारी आलास, तर बेल वाजव.

सहीची जागा शुक्रवार संध्याकाळपर्यंत कोरी ठेवते.

ताई