एकोणीस वाकडी घरे

प्रति,
मा. उपसंचालक (संगणकीय चाचणी),
जलयान परीक्षण कार्यालय,
दुसरा मजला, पाण्याकडील बाजू.

विषय: नव्या फेरीबोटीच्या जाळीत एकोणीस वाकडी घरे मंजूर करून बोटीचे पाते वाचवण्याबाबत.

संदर्भ: (१) जाळी निरंक असण्याबाबतचे परिपत्रक.
(२) याच विषयावरील माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
(३) बोट प्रमाणपत्राबरहुकूम करण्याचा परवाना शाखेचा आदेश.
(४) मंगळवारी जिन्यात आपण केलेली तोंडी सूचना: "तुमचं पटतंय हो मला, पण लेखी द्या."

महोदया,

लेखी देत आहे.

१. माझा दुसरा अर्ज फिरत फिरत मत्स्य विभागात पोहोचला आणि "सदर जाळी आमच्या अखत्यारीत येत नाही" असा शेरा घेऊन परत आला. म्हणून या खेपेस अगदी मुळापासून सांगतो. आपला वेळ गेल्यास क्षमा असावी. बोटीच्या बुडाभोवती पाणी कसे वाहील हे आपण ती पाण्यात उतरण्याआधी संगणकावर पाहतो. सगळ्या पाण्याचे गणित एकदम करता येत नाही, त्यामुळे बोटीभोवतालचे पाणी लहान लहान घरांत कापून घ्यावे लागते. या घरांच्या रचनेला आम्ही जाळी म्हणतो. दूरच्या पाण्यात एकेक घर खोलीएवढे असले तरी चालते. बुडाकडे येताना घरे बारीक होत जातात, आणि बुडाला अगदी लागून कांद्याच्या पापुद्र्यासारखे थरावर थर द्यावे लागतात, कारण पाणी बोटीला जे काही करते ते तिथेच करते. या बोटीच्या जाळीत दोन कोटींच्या वर घरे आहेत. ती पाडतो संगणक, पण कुठे बारीक, कुठे मोठी, कुठे किती थर, हे माणसाने सांगावे लागते. तो माणूस मी. या कामापायी डोळ्यांना जाड चष्मा आणि मानेला पट्टा लागला आहे. त्याबद्दल या अर्जात काही म्हणणे नाही.

२. एखादे घर फार पिळले किंवा चेपले गेले की त्याला वाकडे घर म्हणतात. वाकड्या घरात गणित अडखळते, आणि अशी घरे फार झाली तर सगळी चाचणीच कोलमडते. मागे एकदा ती तशी कोलमडली आणि मोठा संगणक आठवडाभर अडून बसला. त्यानंतर परिपत्रक निघाले की अहवालात "वाकडी घरे" या रकान्यासमोर "निरंक" असल्याशिवाय कोणतीही जाळी पुढे जाणार नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे मी समजू शकतो. आपण मात्र ताक पिणेच सोडून दिले आहे.

३. आता बोटीविषयी. ही फेरीबोट खाडीच्या तोंडाशी, या काठावरून त्या काठावर चालायची आहे. इस्पितळ अलीकडे आहे आणि माणसांची घरे बहुतेक पलीकडे. ओहोटी लागली की तिथे पाणी आडवे धावते. म्हणून आराखडा करणाऱ्या बाईंनी बुडाखाली, मागच्या बाजूस, एक उभे पाते दिले. बाणाच्या मागे पिसे असतात ती ज्यासाठी, त्याचसाठी हे पाते: शेपूट जागेवर राहावे आणि बोटीने नाकासमोर चालावे. हे पाते बुडाला मिळते तिथे एक अरुंद खाच तयार होते. पात्याचे थर आणि बुडाचे थर त्या खाचेत समोरासमोर येतात, जागा दोघांनाही पुरत नाही, आणि एका ओट्यापाशी दोन जावा उभ्या राहिल्यावर जे व्हायचे तेच होते. तिथली घरे वाकडी होतात.

४. त्या खाचेशी माझी झटापट चालू असतानाच मानेच्या दुखण्यासाठी मला रजा घ्यावी लागली. जाळी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे सोपवण्यात आली. त्यांना विभागात सगळे निरंकराव म्हणतात, कारण त्यांचा अहवाल निरंकच असतो. माणूस वाईट नाही. मला डॉक्टरकडे नेण्याआणण्यासाठी त्यांनीच स्वतःची गाडी काढली होती. मी कामावर रुजू झालो तेव्हा जाळी मंजूर होऊन चाचणीही पार पडली होती. मी पडद्यावर बोट उलटीसुलटी फिरवून पाहिली. पाते नव्हते. विचारले, तर शांतपणे म्हणाले, "अरे, घरं तिथेच वाकडी होत होती ना? मग ती वस्तूच काढून टाकली. पाण्याला काय कळतंय?"

५. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. आपल्या चाचणीत बोट जागच्या जागी बांधलेली असते आणि पाणी समोरून तिच्या अंगावर सोडले जाते. जी बोट मुळात वळूच शकत नाही, तिला सरळ ठेवणाऱ्या पात्याची उणीव भासणार कशी? उलट पाते गेल्यामुळे पाण्याचा विरोध कमी भरला, इंधन वाचेल असा निष्कर्ष निघाला आणि वरून विभागाचे अभिनंदन करणारे पत्र आले. ते सूचनाफलकावर अजून आहे. फाईल माझ्या नावावर असल्याने त्यात माझेही नाव आहे.

६. तरीही मी स्वतःची समजूत घातली की कागदावर पाते नसले तरी प्रत्यक्ष बोटीला आहे, आणि माणसे काही कागदात बसून खाडी ओलांडत नाहीत. पण परवाना शाखेचे तपासनीस त्या चाचणीवरून निघालेले, पात्याविना बोटीचे प्रमाणपत्र हातात घेऊन बोटबांधणीच्या शेडमध्ये गेले, बोटीखाली वाकले आणि बोटीला एक पाते जास्त असल्याची त्यांनी नोंद केली. त्यावरून संदर्भ (३) चा आदेश निघाला. पाते आणि ते ज्यावर बसते ती बैठक, दोन्ही कापून बोट प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावी. बैठक एकदा कापली की पाते पुन्हा लावायला बोट कित्येक महिने शेडमध्ये चढवून ठेवावी लागेल, आणि तेवढे थांबायला कोणी तयार नाही, कारण जुनी बोट रविवारी मोडीत निघते आहे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

७. माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आले की पाते ठेवायचे असल्यास पात्यासहित जाळी सादर करावी, मात्र अहवाल निरंक असावा. दुसऱ्याची हकिकत वर दिली आहे. तिसऱ्या अर्जावर मलाच विचारणा झाली की आपल्याच नावावरील कामाविरुद्ध आपण तक्रार का केली, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. तो खुलासा अभिप्रायासाठी फाईल ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. मी त्यावर "सहमत" असा अभिप्राय दिला. अभिप्राय त्रोटक असल्याचे मला कळवण्यात आले आहे.

८. या प्रकरणात माझा हितसंबंध आहे आणि मी तो लपवत नाही. ही बोट माझी थोरली बहीण चालवणार आहे. जुनी बोटही तीच चालवते. गेल्या आठवड्यात शेडमधल्या मिस्त्रींनी कापाकापी करण्याआधी पात्याचे नुसते बोल्ट काढून ते तेवढ्यापुरते उतरवले, आणि ताईने बोट ओहोटीच्या पाण्यात नेऊन पाहिली. मी धक्क्यावर उभा होतो. प्रवाह कुशीला लागताच बोटीचे शेपूट बाहेर फेकले गेले. ताईने सुकाणू उलट फिरवले तर ते त्याहून जोरात दुसरीकडे गेले, आणि बोट कुशीनेच धक्क्याच्या खांबावर आदळली. ताईचे मनगट मुरगळले. उतरल्यावर म्हणाली, "हिला पुढे जायचंय की मागे बघायचंय, हेच ठरत नाही हिचं." सगळे हसले, मीही हसलो. मग ती पायरीवर बसून मनगट चोळू लागली. पाण्याकडे पाठ करून बसलेली ती मला पहिल्यांदाच दिसली. मी घाबरलो. अर्जात असे लिहीत नाहीत याची मला कल्पना आहे.

तू ही बोट चालवायला नकार दे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाला तरी बसवतील. त्याला बिचाऱ्याला हिचं हे लक्षण माहीतही नसेल. आणि बोटीतली माणसं तर तीच असतील ना?" हा प्रश्न परवाना शाखेसाठी इथे नोंदवून ठेवतो.

९. त्यानंतर मी पात्यासहित जाळी पुन्हा करायला घेतली. थर कमी केले, वाढवले, खाचेपाशी निमुळते करून सोडून दिले. एक घर सरळ केले की शेजारचे वाकते. निरंकरावांनी आपणहून मदत देऊ केली. "खाच थोडी बुजव, पातं अर्धं ठेव. अर्धं तरी वाचेल बाबा," असा त्यांचा सल्ला होता, आणि तो त्यांनी मनापासून दिला होता. पण खाच बुजवल्यावर तिथे पाते राहत नाही, टेंगूळ होते. शेवटी दोन कोटी घरांत एकोणीस वाकडी उरली. एकोणिसाची अठरा काही होत नाहीत. मी थकलो आहे.

ही जाळी मी सुट्टीच्या दिवसांत विभागातल्या लहान संगणकावर चालवून पाहिली, आणि या वेळी बोट बांधून न ठेवता पाणी कुशीने सोडले. एकोणीस घरांनी गणिताला काहीही केले नाही. पाते असलेली बोट थोडी ढळते आणि पुन्हा सरळ होते. पाते नसलेली बोट ढळते आणि ढळतच जाते.

१०. एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. घर किती पिळले म्हणजे वाकडे धरायचे, ती मर्यादा अहवालात एका ओळीत बदलता येते. ती जराशी सैल केली असती तर माझाही अहवाल निरंक झाला असता, पातेही वाचले असते, आणि आपल्याला जिन्यात थांबवण्याची वेळ माझ्यावर आली नसती. हा मोह मला चांगलाच झाला. पण बोटीचे पाते ज्या वाटेने नाहीसे झाले ती वाट हीच आहे. उद्या दुसऱ्या एखाद्या बोटीचे आणखी काही नाहीसे होईल आणि आपल्या दोघांच्याही हातात निरंक अहवालच असेल. म्हणून आकडा आहे तसा लिहिला आहे.

११. तरी विनंती की (अ) या जाळीतील एकोणीस वाकडी घरे विशेष बाब म्हणून मंजूर व्हावीत. आणि (ब) तोवर पाते कापण्याच्या आदेशाला स्थगिती मिळावी. कापणारे उद्या सकाळी येणार आहेत आणि बोट सोमवारी सुरू होणार आहे. (अ) नियमात बसत नसेल तर त्यावर पुढे सावकाश पत्रव्यवहार करू. तेवढा धीर माझ्यात अजून आहे. (ब) ला मात्र उद्याचा दिवस नाही.

१२. शेवटचे जे लिहितो आहे ते कोणत्या मुद्द्यात बसवावे हे मला ठरवता आले नाही. बोटीच्या पहिल्या खेपेला आम्ही घरचे सगळे ताईसोबत पलीकडे जाऊन येणार होतो. आईने नेसायची साडी काढून ठेवली होती. काल ताई घरी आली, चहा घेतला, आणि सोमवारी घरातल्या कोणीही बोटीवर यायचे नाही, असे सांगून निघाली. आईने कारण विचारले. ताई चपला घालता घालता म्हणाली, "गर्दी असेल गं पहिल्या दिवशी. बाहेरच्या लोकांनाच जागा पुरायची नाही."

आईला ते पटले.

आपल्या सहीची वाट पाहत जागेवरच बसलेला,
आपला नम्र,
(सही)
जाळी अभियंता, दुसरी श्रेणी

दिनांक: शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी.

सोबत:
१. पात्यासहित जाळीचा अहवाल. वाकडी घरे: एकोणीस. खाडाखोड नाही.
२. पाते असलेल्या आणि नसलेल्या बोटीच्या वळण्याची चित्रे.
३. परवाना शाखेच्या नावे स्थगितीचे पत्र, टंकलिखित. फक्त आपली सही बाकी आहे.