मोटेवरचे बोलणे आणि इंजिनाची परवानगी

मी, रंगराव सोनाजी राऊत, वय साठीच्या पुढे, धंदा भाजीपाल्याची बागायत, राहणार मंगरूळपीर, जिल्हा अकोला, हा कागद स्वतःच्या हाताने आणि धड डोक्याने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. गुडघे गेले आहेत, स्मरण गेलेले नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी.

१. राहते घर माझी पत्नी आवडाबाई हिच्या नावे. ती असेपर्यंत आमचा मुलगा जगदेव याने ते विकू नये, गहाण टाकू नये आणि तिची चूल जागची हलवू नये. यातले शेवटचे तिने लिहायला लावले आहे.

२. फावडी, विळे, टोपल्या व तराजू जगदेवला. तराजूत गिऱ्हाइकाला थोडे जास्त जाते. ते तसेच जाऊ द्यावे. गिऱ्हाईक त्यामुळेच फिरून येते.

३. मळ्याची जमीन जगदेवला. त्यातल्या विहिरीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती सामाईक आहे. अर्धी माझी, अर्धी माझे थोरले बंधू भगवंतराव यांची.

वडील वारल्यावर पंचांनी जमीन मोजून दिली, विहीर तशीच ठेवली आणि बैलजोडी फोडून एकेकाला एक बैल दिला. त्याच बैठकीत भगवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "हे बाई घरात आली अन् घर फुटलं." ही बाई म्हणजे आवडाबाई. त्या दिवसापासून आम्हा भावांत अबोला आहे. आवडाबाईने तो विषय केव्हाच सोडला. त्यांच्या घरी तिचे जाणे-येणे आहे. राग मी एकट्याने राखला.

पण एका बैलावर मोट चालत नाही. म्हणून दोघांचे बैल जुंपून ते वर विहिरीवर मोट हाकत आले आणि मी खाली वाफ्यांत पाणी वळवीत आलो. मधे केळीची बाग असल्याने एकमेकांचे तोंड दिसत नाही. ओरडल्याशिवाय काम होत नाही. तेव्हा कोणी न ठरवता असे ठरून गेले की मोटेवरचे बोलणे हे बोलणे धरायचे नाही.

"पाट फुटला! थांबव!" मी ओरडे.

"थांबवली! डोये कुठं होते तुये?"

आणि एवढ्यावर ते थांबत नसे. त्यांची मुलगी बाळंत झाली ते मला असेच कळले.

"वाफा भरला का?"

"भरला!"

"मंग दुसऱ्याले लाव. अन् कमलीले पोरगं झालं!"

"कवा?"

"पहाटं! नाक तुयासारखं हाय, काय करता!"

त्या आनंदात मी पाणी वळवायचे विसरलो आणि मेथीचा वाफा वाहून गेला. एका हिवाळ्यात मी खोकत होतो, तर वरून आवाज आला, "पान्यात कायले भिजून राह्यला? वर ये, मोट तू हाक!" आम्ही जागा बदलल्या. केळीपाशी समोरासमोर आलो तेव्हा मात्र दोघेही खाली मान घालून निघून गेलो.

४. इंजिनाची बाब. गेल्या उन्हाळ्यात जगदेवने अकोल्याहून ऑइल इंजिन काही दिवस चालवून पाहायला आणले. खोटे लिहीत नाही, सकाळभराचे ओलीत न्याहारीच्या आत झाले. पण त्याच्या फटफटीत काहीच ऐकू येईना. पाट फुटला तेव्हा मी ओरडलो, हातवारे केले. भगवंतरावांना वाटले मी शिव्या देतो आहे. ते तणतणत केळीतून खाली आले, फुटका पाट पाहिला आणि माझ्यासमोर उभे राहिले. मोट चालू नव्हती. त्यामुळे बोलायचे कसे, हे दोघांनाही समजेना. ते तसेच परत गेले. इंजिन मळ्यात होते तोवर आमच्यात एक शब्द झाला नाही.

जगदेव म्हणाला, "बाबा, इंजिन बंद करून बोला ना. कोन नाही म्हनते?"

त्याचे बरोबर आहे. आम्हाला कामाच्या आडोशाशिवाय बोलता येत नाही, हा दोष इंजिनाचा नाही. सबब, माझ्या हिश्श्यापुरती परवानगी देतो: येत्या हंगामात इंजिन बसवावे. बैलांच्या माना सुटतील, माझे गुडघे सुटतील. मोटेबरोबर माझा भाऊ सुटू नये, एवढीच माझी काळजी आहे, आणि तिची तजवीज पुढच्या कलमात केली आहे.

५. माझा तांबडा बैल भगवंतरावांना, माझ्या मरणाची वाट न पाहता आजच. त्यांची जोडी पुरी होईल, बंडी जुंपता येईल. अट एक: त्यांनी माझ्या ओट्यावर येऊन तोंडाने मागावा. निरोप चालणार नाही.

(कलम पाच रद्द. ते मीच खोडले. कारण खाली देतो.)

साक्षीसाठी मंडईतले अडत्ये शालिग्राम यांना बोलावले होते. दुसरा साक्षीदार म्हणून ते मला न विचारता भगवंतरावांनाच घेऊन आले. बंधू ओट्याच्या कडेला बसले. शालिग्रामांनी कागद मोठ्याने वाचला, कलम पाचपाशी अडले आणि म्हणाले, "ज्याले भेटते त्यानं साक्ष करू नये, भाऊ. उद्या कोनी शंका घेईन. तुमी बैल घ्या, सहीले मी दुसरा मानूस आनतो."

भगवंतराव शालिग्रामांना नव्हे, मला म्हणाले, "बैल काय बोलते मायासंगं? राहू दे तुयापाशीच. सही कुठं करू, ते सांग."

मी जागा दाखवली.

६. पंचांसमोरच्या त्या वाक्याबद्दलचा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही. जगदेवने त्यावर वारस म्हणून हक्क सांगू नये.

आणखी दोन-तीन कलमे मनात होती. पण बंधू शेजारी बसून बोलत आहेत, मधेच थांबून मला उत्तर विचारत आहेत, आणि लिहिता लिहिता ऐकणे मला जमत नाही. म्हणून कागद इथेच पुरा करतो.

लिहून देणार : रंगराव सोनाजी राऊत (सही)

साक्षीदार :
भगवंतराव सोनाजी राऊत, सख्खा भाऊ (सही)
शालिग्राम किसन घाटोळ, अडत्ये (सही)

मुक्काम मंगरूळपीर, ता. ११ नोव्हेंबर १९५७